अंदाजपत्रक घराचे, वेळापत्रक शेताचे

प्रतिनिधी, ताडकळस (जि. परभणी)

केंद्राचा आणि राज्याचा अर्थसंकल्प दरवर्षी गाजतो. घराचा अर्थसंकल्प मात्र बहुतेक वेळा कुणाच्या तरी डोक्यातच राहतो. आता ही स्थिती पालटू लागली आहे. स्प्रेडशीट म्हणजे आकडे मांडण्याचा ओळी-रकान्यांचा तक्ता. एकेकाळी तो केवळ कार्यालयांतील संगणकांवर असे, आज तो मोबाईलवर विनामूल्य उपलब्ध आहे. वर्षभराचा घरखर्च त्यात कसा बसवावा, याचे तयार नमुनेही मिळतात. पण हे नमुने ज्या घरासाठी बनले, ते घर महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे आहे. परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात असलेल्या ताडकळससारख्या बाजारपेठेच्या गावात ते नमुने जसेच्या तसे वापरले, तर आकडे बरोबर येतात आणि निष्कर्ष चुकतो.

ताडकळसला कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या दैनंदिन दरपत्रकात सोयाबीनसमोर या गावाचे नाव दिसते. अशा गावात शिक्षक, बँकेतील कर्मचारी, दुकानदार, आडते, शेतकरी आणि शेतमजूर एकाच पेठेत वावरतात. शिक्षकाच्या घरी पैसा दरमहा येतो. शेतकऱ्याच्या घरी तो वर्षातून दोन-तीनदाच येतो. खर्च मात्र दोघांच्याही घरी रोजच होतो. वार्षिक अंदाजपत्रकाचा सारा प्रश्न या एका फरकात सामावलेला आहे.

कीर्द-खतावणीपासून तक्त्यापर्यंत

हिशेब लिहिणे मराठी मुलखाला नवे नाही. रोजकीर्द, खतावणी, आवक-जावक हे शब्द व्यापाऱ्यांच्या पेढीवर पिढ्यानपिढ्या रुळले आहेत. दिवाळीच्या वहीपूजनाची प्रथा आजही पाळली जाते. परंतु वही झालेला व्यवहार नोंदवते. पुढे काय होणार, याचा अदमास तिच्यात सहजी मांडता येत नाही. एक आकडा बदलला की सगळी बेरीज खोडून पुन्हा करावी लागते.

ही अडचण संगणकाने दूर केली. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ हा तक्ता बाजारात आणला. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एक्सेल’ आले. या सर्वांचे मर्म एकच होते. तक्त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलतात. ‘भाव चारशे रुपयांनी पडला तर काय?’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे क्षणात मिळू लागले. महाराष्ट्रातील लहान गावांत ही विद्या मुख्यतः ‘एमएस-सीआयटी’च्या वर्गांतून पोहोचली. शासकीय नोकरीसाठी उपयोगी म्हणून हजारो तरुणांनी हा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यात एक्सेलही शिकले. मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावर ते ज्ञान स्वतःच्या घराच्या हिशेबासाठी वापरावे, हा विचार फारसा रुजला नाही.

वर्ष नेमके कधी सुरू होते?

तक्ता उघडल्यावर पहिलाच प्रश्न उभा राहतो तो वर्षारंभाचा. तयार नमुने जानेवारीपासून सुरू होतात, तर प्राप्तिकर भरणारे एप्रिल ते मार्च असे वर्ष मोजतात. मराठवाड्यात सालगड्याचा करार गुढीपाडव्यापासून धरण्याची रीत आहे. पण शेतीवर चालणाऱ्या घराचा पैसा ज्या क्षणी बाहेर पडू लागतो, तो क्षण मृगाचा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बियाणे, खते आणि पेरणीचा खर्च येतो. त्याच सुमारास शाळा-महाविद्यालये उघडतात आणि शुल्क, वह्या-पुस्तके, वसतिगृहाची अनामत यांचा भार पडतो. म्हणून अशा घराने वर्ष जूनपासून मेपर्यंत मोजणे अधिक सयुक्तिक ठरते. जानेवारीपासून मांडलेल्या तक्त्यात एकाच हंगामाचा खर्च आणि उत्पन्न एका वर्षात दिसले, तरी आदल्या हंगामातील तूर-हरभऱ्याचे पैसे त्यात मिसळतात आणि मुख्य पिकाचा नफा-तोटा झाकोळतो.

याचे प्रत्यंतर एका काल्पनिक पण नेहमीच्या घरावरून घेता येईल. पाच माणसांचे कुटुंब, पाच एकर कोरडवाहू जमीन, त्यांपैकी चार एकर सोयाबीन आणि एक एकर तूर, असे धरू. घरातील एक जण दुकानात महिना ९ हजार रुपयांवर काम करतो. केंद्राच्या पीएम-किसान योजनेचे ६ हजार आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान योजनेचे ६ हजार असे १२ हजार रुपये वर्षाला मिळतात. पुढील उत्पादनाचे आणि खर्चाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घराने आपले आकडे घालावेत.

खर्चाची बाजू प्रथम पाहू. शेतीचा खर्च ७० हजार रुपये. किराणा, भाजी, दूध, गॅस दरमहा साडेनऊ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख १४ हजार. शिक्षण ४० हजार, औषधपाणी १२ हजार, वीज-मोबाईल-पेट्रोल २४ हजार, सणवार व कपडे १५ हजार, विम्याचे हप्ते १० हजार. एकूण २ लाख ८५ हजार रुपये.

यात उधळपट्टी कुठे आहे, असा प्रश्न शहरी वाचकाच्या मनात येऊ शकेल. शेतीखर्च वगळला तर घरखर्च २ लाख १५ हजार रुपये, म्हणजे माणशी दरमहा सुमारे ३,५८३ रुपये होतो. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारताची सरासरी माणशी दरमहा ४,१२२ रुपये आणि शहरी भारताची ६,९९६ रुपये होती. याचा अर्थ हे घर राष्ट्रीय ग्रामीण सरासरीपेक्षाही हात राखूनच खर्च करते.

तीन रकाने, तीन वर्षे

पगारदाराच्या तक्त्यात उत्पन्नाचा एकच रकाना पुरतो. येथे तीन लागतात: चांगले वर्ष, मध्यम वर्ष आणि वाईट वर्ष.

चांगल्या वर्षी सोयाबीन एकरी सात क्विंटल पिकले आणि २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ५,३२८ रुपयांनी विकले गेले, तर २८ क्विंटलचे १ लाख ४९ हजार १८४ रुपये येतात. चार क्विंटल तुरीचे ८ हजार रुपये हमीभावाने ३२ हजार होतात. वेतनाचे १ लाख ८ हजार आणि अनुदानाचे १२ हजार मिळवून एकूण उत्पन्न ३ लाख १ हजार १८४ रुपये. खर्च वजा जाता शिल्लक १६ हजार १८४ रुपये.

मध्यम वर्षी पीक तेवढेच, पण सोयाबीनला ४,२०० आणि तुरीला ७ हजार रुपये भाव मिळाला, तर एकूण उत्पन्न २ लाख ६५ हजार ६०० रुपयांवर येते आणि १९ हजार ४०० रुपयांची तूट पडते. हे गृहीतक अवास्तव नाही. २०२४ आणि २०२५ या दोन्ही हंगामांत राज्यातील बाजारांत सोयाबीन हमीभावाखाली विकले गेले होते.

वाईट वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस आला, सोयाबीन एकरी चार क्विंटल आणि तूर एकरी दोन क्विंटलवर आली, सोयाबीनला ४,२०० व तुरीला ६,५०० रुपये मिळाले, तर उत्पन्न २ लाख २०० रुपये आणि तूट ८४ हजार ८०० रुपये. परभणी जिल्ह्याने सप्टेंबर २०२४ च्या आरंभी अतिवृष्टी पाहिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने पुन्हा तोच अनुभव घेतला. त्यामुळे तिसरा रकाना केवळ भीतीपोटी भरायचा नसून तो अनुभवाचा आहे.

तीन रकाने शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. चांगल्या वर्षाची शिल्लक वाईट वर्षाच्या तुटीच्या एक पंचमांशाहूनही कमी आहे. म्हणजे एका वाईट वर्षाची भरपाई करण्यास पाच चांगली वर्षे पुरत नाहीत. यात लग्न नाही, मोठे आजारपण नाही, घराची डागडुजी नाही.

तूट वर्षाची की महिन्यांची?

वार्षिक बेरजेपेक्षाही महत्त्वाचे सत्य महिनावार मांडणीत दडलेले आहे. या घराला दरमहा वेतन ९ हजार मिळते आणि नेहमीचा खर्च साडेबारा हजार होतो. म्हणजे दरमहा साडेतीन हजारांची कमतरता ठरलेली आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ती १४ हजार होते. त्यातच शिक्षणाचे ४० हजार, पेरणीपर्यंतचे ३५ हजार, खुरपणी-फवारणीचे १५ हजार. अनुदानाचे ४ हजार वजा केले, तरी सप्टेंबरअखेर या घराला १ लाख रुपये बाहेरून उभे करावे लागतात. तोवर शेतातील एक दाणाही विकला गेलेला नसतो.

हे १ लाख रुपये चांगल्या वर्षीही लागतात. वर्षअखेर १६ हजार शिल्लक टाकणारे घरदेखील सप्टेंबरात १ लाखाचे देणेकरी असते. शेतकरी कुटुंबाचे कर्ज हे नेहमी उत्पन्नापेक्षा खर्च जास्त झाल्यामुळे होत नाही; पुष्कळदा ते खर्च आधी आणि उत्पन्न नंतर येण्यामुळे होते. वार्षिक बेरीज हे कर्ज दाखवत नाही. महिनावार ‘हातावरची शिल्लक’ ही ओळ ते दाखवते. म्हणून अंदाजपत्रकात एकच ओळ ठेवायची झाली, तर ती हीच असावी.

आता हे १ लाख कुठून येतात, यावर घराचे वर्ष ठरते. खासगी सावकारीत व्याज ‘शेकडा’ या मापाने बोलले जाते. शेकडा तीन म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला तीन रुपये. ऐकताना आकडा लहान वाटतो. तक्त्यात तो वार्षिक ३६ टक्के होतो. सोयीसाठी पूर्ण रक्कम जूनमध्येच उचलली असे धरले, तर पाच महिन्यांचे व्याज १५ हजार रुपये होते. चांगल्या वर्षाची १६ हजार १८४ रुपयांची सारी शिल्लक त्यात वाहून जाते आणि हाती १,१८४ रुपये उरतात. कृषी सेवा केंद्रातून उधारीवर घेतलेल्या बियाण्या-खतांचेही तेच. रोखीचा भाव आणि उधारीचा भाव यांतील फरक हे व्याजच असते, फक्त त्याला तसे म्हटले जात नाही.

याउलट ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राच्या व्याज सवलतीमुळे वार्षिक ४ टक्के दराने पडते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली ३० जूनपूर्वी परतफेड करणाऱ्यास राज्याकडून आणखी सवलत मिळते आणि व्याजाचा भार जवळजवळ नाहीसा होतो. ४ टक्क्यांनीच हिशेब केला, तरी १ लाखाचे पाच महिन्यांचे व्याज १,६६७ रुपये होते. पंधरा हजार आणि पावणेदोन हजारांच्या आतबाहेर, एवढे हे अंतर आहे.

बँकेच्या चौकटीबाहेरचे चाळीस हजार

मग सारी रक्कम बँकेतूनच का घेतली जात नाही? थकबाकी, कागदपत्रे, सामाईक सातबारा ही कारणे सर्वज्ञात आहेत. तक्ता आणखी एक कारण पुढे आणतो. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना पिकाच्या कर्जदरावर १० टक्के रक्कम काढणीपश्चात व घरगुती गरजांसाठी धरली जाते. म्हणजे घरखर्चाची जाणीव या योजनेत आहे, परंतु ती दहा टक्क्यांपुरती. आपल्या उदाहरणातील १ लाखापैकी शेतीचे ५० हजार आणि घराच्या मासिक कमतरतेचा वाटा मिळून ६० हजारांपर्यंतची गरज पीककर्जातून भागू शकेल. शिक्षणाचे ४० हजार मात्र नेमके जूनमध्ये उभे राहतात आणि ते कोणत्याच पिकाचा खर्च नसतात. सावकाराच्या दाराशी जावे लागते ते बहुतांशी या रकमेपायी.

आणि पैसा कमी पडला की कात्री लागते तीही याच ओळीला. किराणा थांबवता येत नाही, पेरणी टाळता येत नाही. शिक्षण ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून ढकलता येते. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४ मध्ये माफ केले. तरीही परभणी, नांदेड किंवा लातूरला राहण्या-जेवणाचा खर्च घराकडेच राहतो. तक्त्यातील या ओळीचे भवितव्य म्हणजे प्रत्यक्षात एखाद्या मुलीचे शिक्षण सुरू राहणे किंवा थांबणे होय.

उपाय अवघड असला तरी अशक्य नाही. ६० हजार पीककर्जातून आणि ४० हजार खासगीतून घेतले, तर पाच महिन्यांचे व्याज अनुक्रमे १ हजार आणि ६ हजार, म्हणजे ७ हजार होते. पूर्वीच्या १५ हजारांतून ८ हजार वाचतात. हे ८ हजार खर्चात विरघळू न देता ‘जूनचे शिक्षण’ या नावाने वेगळे ठेवले, तर पुढच्या वर्षी खासगी कर्ज ३२ हजारांवर येते, व्याज आणखी घटते आणि बचत ९,२०० होते. याच गतीने चौथ्या वर्षाअखेर शिक्षणाचा निधी जवळजवळ ४० हजारांवर पोहोचतो. अर्थात, चारही वर्षे बरी गेली आणि शुल्क वाढले नाही, तरच. एक वाईट वर्ष हा सारा क्रम मोडू शकते. म्हणूनच पीकविम्याची ओळ तक्त्यात हवी. राज्यातील १ रुपयात विम्याची सोय खरीप २०२५ पासून संपली असून शेतकऱ्याला पुन्हा खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हिस्सा भरावा लागतो. मात्र विम्याची भरपाई जमेच्या बाजूला आधी धरू नये. हाच नियम शासकीय अनुदानांना आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांनाही लावावा. खात्यावर जमा झाले, मगच तक्त्यात.

विक्रीची तारीख

महिनावार तक्त्याचा आणखी एक उपयोग विक्रीच्या निर्णयाला होतो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, तर राज्यात हमीभावाने सोयाबीन खरेदी १५ नोव्हेंबरपासून सुरू झाली. ज्याच्यावर १ लाखाचे देणे आणि दारात दिवाळी आहे, तो महिनाभर थांबू शकत नाही. उदाहरणातील घराला ४,२०० आणि ५,३२८ या दोन भावांतील फरक २८ क्विंटलवर ३१ हजार ५८४ रुपयांचा पडतो. वर्षाची तूट भरून काढण्यास एवढी रक्कम पुरेशी आहे.

पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना याच कोंडीसाठी आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन किंवा तूर ठेवल्यास मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी देण्याची त्यात तरतूद आहे. माल थांबवल्याने भाव वाढेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण किती दिवस थांबणे परवडेल आणि किमान किती भाववाढ झाली तर व्याज वजा जाता फायदा उरेल, हे तक्ता पाच मिनिटांत सांगतो. आडत्याच्या दुकानात उभ्या उभ्या हा हिशेब होत नाही.

तक्ता भरणार कोण?

या साऱ्याला मर्यादा आहेत आणि त्या स्पष्टपणे मान्य केल्या पाहिजेत. तक्ता उत्पन्न निर्माण करत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ मधील माहितीनुसार देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यांत मजुरी व वेतनाचा वाटा ४,०६३ रुपये आणि पिकांपासूनचा ३,७९८ रुपये होता. ज्या घराला शेतीपेक्षा मजुरी अधिक देते, त्या घराला काटकसरीचे धडे देऊन भागणार नाही. रास्त भाव, वेळेवर खरेदी आणि वेळेवर पीककर्ज यांना स्प्रेडशीट हा पर्याय होऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा घरातलीच आहे. एक्सेल येते मुलाला, कर्जाचा खरा आकडा ठाऊक असतो वडिलांना आणि किराण्याचा हिशेब असतो आईकडे. हे तिघे एकत्र बसल्याशिवाय तक्ता पूर्ण होत नाही. देण्याची ओळ अनेकदा रिकामी राहते, कारण घरच्यांना चिंता नको म्हणून ती सांगितलीच जात नाही. वस्तुतः सर्वांत आधी भरावयाची ओळ तीच: कोणाचे, किती, कोणत्या दराने आणि कोणत्या तारखेला.

येथे महिला बचत गटांचा अनुभव मार्गदर्शक ठरावा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन ही गटांची पंचसूत्री आहे. ठरलेल्या दिवशी, सर्वांसमोर, उघडपणे हिशेब मांडण्याची ही शिस्त गावोगावच्या स्त्रियांनी अंगी बाणवली आहे. जी गृहिणी गटाचे पुस्तक चोख ठेवते, तिच्याच घराचा वार्षिक हिशेब मात्र कित्येकदा तिच्याविना ठरतो. ही विसंगती दूर झाली, तर तक्ता भरायला माणूस शोधावा लागणार नाही.

पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आणि दरमहा गावी पैसे पाठवणारी पिढीही यात वाटा उचलू शकते. एकच तक्ता दोन मोबाईलवर उघडतो. दरमहा पाठवलेले तीन हजार आणि जूनमध्ये एकरकमी पाठवलेले छत्तीस हजार यांची वार्षिक बेरीज सारखीच असते. पण जूनमध्ये आलेले छत्तीस हजार सावकाराकडील शेकडा तीनचे कर्ज टाळतात. शहरात पगाराच्या तारखेला बसवलेले अंदाजपत्रक गावच्या मृगाशी जुळवून घेतले, तर त्याच पैशात घराला अधिक आधार मिळू शकतो. त्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.